उन्हाळी सहलीचा पाठ : हिमनदी कशी पाहावी?



मेच्या अखेरीस आपल्या शाळेची उन्हाळी सहल मनाली, लाहौल आणि बारालाचा खिंडीपर्यंत जाऊन आली. नववी-दहावीचे विद्यार्थी, आम्ही शिक्षक आणि सोबतीला आलेले काही पालक मिळून एक बस भरली होती. परतल्यापासून शाळेच्या फाटकात भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : बर्फात खेळलात ना? खेळलो. मोजे ओले झाले, दोघातिघांच्या टोप्या वाऱ्याबरोबर दरीत गेल्या, आणि हैदराबादच्या ४२ अंशांतून आलेल्या मुलांना बर्फाचा गोळा हातात धरल्यावर हात भाजल्यासारखा का वाटतो, याचेच नवल वाटत राहिले.

परंतु बर्फ पाहणे वेगळे आणि हिमनदी पाहणे वेगळे. पुष्कळ प्रवासी पहिली गोष्ट करून येतात आणि दुसरी केल्याचे सांगतात. जे सहलीला आले नाहीत आणि जे पुढे केव्हातरी आपल्या कुटुंबाबरोबर त्या रस्त्याने जातील, त्यांच्यासाठी हा पाठ आहे.

आधी शब्दाचे पाहू. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे 'हिमनद' असा पुल्लिंगी शब्द शिकलो होतो. मराठीत ती 'हिमनदी' होते. आम्हाला मराठी शब्द अधिक पसंत आहे, कारण त्यात नदी स्पष्ट ऐकू येते, आणि मुख्य मुद्दा तोच आहे. हिमनदी म्हणजे साठून राहिलेला बर्फ नव्हे, तर वाहणारा बर्फ. उंचावर दरवर्षी पडणारे हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचे हिम पडते. वरच्या थरांच्या भाराने खालचे भुसभुशीत हिम दाबले जाते, त्यातली हवा निघून जाते, आणि बऱ्याच वर्षांनी त्याचा निळसर, घट्ट बर्फ होतो. हा बर्फ पुरेसा जाड झाला की स्वतःच्याच वजनाने उतारावरून सरकू लागतो. सरकतो इतका हळू की डोळ्यांना दिसत नाही. पण सरकताना तो डोंगर खरवडतो, दगड उपटतो, दळतो आणि वाहून नेतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने भारताच्या हिमालयात ९,५७५ हिमनद्या मोजल्या आहेत.

विद्यार्थ्यांना वाटले होते की हा पाठ मनालीला पोहोचल्यावर सुरू होईल. तो सुरू झाला तेलंगणा एक्स्प्रेसमध्ये, बल्लारशा मागे पडून चंद्रपूर आले तेव्हा. बाहेर ऊन मी म्हणत होते, खिडकीच्या गजांना हात लागत नव्हता. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ खडकावर समांतर ओरखडे आहेत. ते हिमनदीने काढलेले आहेत! सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ असताना, तेथून बर्फ सरकत गेला होता. एकोणिसाव्या शतकातच भूवैज्ञानिकांनी ते ओरखडे ओळखले. म्हणजे विदर्भानेही हिमनदी पाहिलेली आहे, फक्त तेव्हा तेथे विदर्भ म्हणणारे कोणी नव्हते.

दिल्लीहून बस घेतली. अंबाल्यापर्यंतचा रस्ता ४४ क्रमांकाचा महामार्ग, म्हणजे आपल्या मेडचलवरून नागपूरला जातो तोच. वाटेत पानिपतला 'काला आंब'च्या स्मारकापाशी उतरलो. मराठी शाळेची बस तेथून न थांबता जाणे शक्यच नव्हते. १४ जानेवारी १७६१ ही तारीख मुलांना न विचारता आठवली. इतिहासाच्या बाईंना त्याचे समाधान फार झाले.

पुढे मंडीपासून रस्ता बियास नदीला धरून चढतो. पंडोहच्या आसपास दरी अरुंद आहे, दोन्ही बाजूंचे डोंगर खाली येत येत नदीपाशी एकमेकांना भिडतात. पुस्तकातील 'व्ही' आकाराची दरी ती हीच. वाहत्या पाण्याने करवतीसारखा काप घेतला की असा आकार होतो. आता हे चित्र डोळ्यांत ठेवायचे आणि अटल बोगद्यात शिरायचे. हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी तो खुला झाला. पूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडायला अर्धा दिवस जात असे. आता दहा-पंधरा मिनिटांत आपण लाहौलमध्ये असतो. मुलांनी बोगद्यात आरोळ्या ठोकल्या, आणि बाहेर पडताच सगळी बस गप्प झाली.

बोगद्याच्या अलीकडे देवदारांचे हिरवे रान होते. पलीकडे झाडे विरळ, डोंगर उघडे, आकाश गडद निळे. मोसमी ढग रोहतांगच्या दक्षिण बाजूलाच बराचसा पाऊस टाकून मोकळे होतात. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटावचे जे होते तेच येथे होते : पर्जन्यछाया. आणि दरीचा आकार पाहा. चंद्रा नदीच्या दरीचा तळ सपाट व रुंद आहे, कडे मात्र सरळ उभे आहेत. ही 'यू' आकाराची दरी. एवढीशी चंद्रा एवढी रुंद दरी कापू शकत नाही. एके काळी ही दरी काठोकाठ बर्फाने भरलेली होती, त्याने ती कोरली. बाजूच्या लहान हिमनद्यांना तितके खोल खणता आले नाही, म्हणून त्यांच्या दऱ्या वर अधांतरी राहिल्या. त्यांतून येणारे पाणी धबधबा होऊन खाली पडते. सिस्सू गावासमोर असा एक मोठा धबधबा आहे. सगळे त्याचे फोटो घेतात. तो तेथे उंचावरून का पडतो, हे विचारणारा हजारात एखादा.

सिस्सूजवळ रस्त्याच्या कडेला दरड खोदलेली होती, तेथे आम्ही बस थांबवली. मैद्यासारखी बारीक माती, वाटाण्याएवढे खडे, नारळाएवढे गोटे आणि म्हशीएवढे धोंडे, सगळे एकत्र, काही क्रम नाही. नदी असे कधी करत नाही. नदी निवडून टाकते : जोर कमी झाला की आधी मोठे दगड, मग वाळू, शेवटी गाळ. हिमनदी निवडत नाही. जे उचलले ते सगळे जेथे वितळली तेथे ढीग करून सोडते. या ढिगाला हिमोढ म्हणतात. एक विद्यार्थी म्हणाला, ''सर, हे तर आपल्या ज्युबिली हिल्ससारखे धोंडे आहेत.'' प्रश्न उत्तम होता, कारण दिसायला खरोखरच तसे आहेत. फरक असा, की मौलाअली, गोवळकोंडा किंवा बंजारा हिल्स येथील धोंडे कोणी आणून ठेवलेले नाहीत. सुमारे २५० कोटी वर्षांचा आपला ग्रॅनाइट जागच्या जागी भेगाळत, झिजत, गोल होत गेला आहे. वरचा धोंडा आणि खालचा खडक एकाच जातीचे असतात. हिमोढातला धोंडा मात्र पाहुणा असतो, खालच्या खडकाशी त्याचे नाते असेलच असे नाही.

आता सिस्सूपाशी जरा जास्त वेळ थांबू, कारण या सहलीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तेथे आहे आणि ती रस्त्यावरून दिसत नाही. गावात राजा घेपन या लाहौलच्या देवतेचे मंदिर आहे. त्याच नावाच्या शिखराखाली, गावापेक्षा सुमारे एक हजार मीटर उंचावर, घेपन घाट नावाचे हिमसरोवर आहे. हिमनदी मागे हटली, पुढे तिनेच टाकलेला हिमोढ बांधासारखा उभा राहिला, आणि मधल्या खळग्यात पाणी साचले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, एप्रिल २०२४ मध्ये उपग्रहचित्रांवरून याचे मोजमाप जाहीर केले : १९८९ मध्ये ३६.४९ हेक्टर, २०२२ मध्ये १०१.३० हेक्टर. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. आपल्या हुसेनसागराच्या पाव हिस्स्याहून कमीच. परंतु हुसेनसागराला दगडी बंधारा आहे, आणि या सरोवराला सुट्या दगडमातीचा, कोणी न बांधलेला, न तपासलेला बांध आहे. खाली गाव आहे, शेते आहेत, आणि बोगदा झाल्यापासून पर्यटकांच्या गाड्यांची रांग आहे. त्या दिवशी त्या रांगेत आपलीही बस होती.

त्याच निवेदनात असेही म्हटले होते की, हिमालयातील नदीखोऱ्यांत १० हेक्टरांहून मोठी म्हणून २०१६-१७ मध्ये नोंदवलेल्या २,४३१ सरोवरांपैकी ६७६ सरोवरे १९८४ नंतर लक्षणीय वाढली आहेत. त्यांपैकी १३० भारतात आहेत. असे सरोवर फुटले तर काय होते, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमने पाहिले. ३ तारखेच्या रात्री दक्षिण ल्होनक सरोवर फुटले, तीस्तेला लोंढा आला, चुंगथांगचे धरण वाहून गेले, आणि शंभराहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्या सरोवराचे क्षेत्र २८ सप्टेंबरला १६७.४ हेक्टर होते आणि ४ ऑक्टोबरला ६०.३ हेक्टर उरले होते. हे आकडे कोठून आले? आपल्या बालानगरहून. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र तेथे आहे, आणि उपग्रहांचे संदेश घेणारे त्याचे केंद्र शादनगरला आहे. आपल्यापैकी कित्येक जण रोज बालानगरच्या चौकातून शाळेत येतात. हिमालयाच्या सरोवरांवर नजर ठेवणारी माणसे त्याच गर्दीतून कचेरीला जातात, हे मुलांना सिस्सूला उभे असताना सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना.

सिस्सूच्या पुढे तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. दोघींचा उगम बारालाचा खिंडीजवळच, पण एक डोंगराच्या एका अंगाने जाते, दुसरी दुसऱ्या अंगाने, आणि तांदीला भेटतात. चंद्राची मुलगी आणि सूर्याचा मुलगा लग्नासाठी खिंडीत भेटले आणि दोन दिशांना धावत सुटले, अशी तेथील कथा आहे. संगमापुढे नाव होते चंद्रभागा. पुढे हीच चिनाब. नाव ऐकताच आमच्याबरोबरच्या एका आजींनी हात जोडले. पंढरीची चंद्रभागा ही नव्हे, हे त्यांना ठाऊक होते, तरीही जोडले, आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

दोन्ही चंद्रभागांची तुलना मात्र करण्यासारखी आहे. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमा. चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तेथे तिचे ते नाव. भीमाशंकरला उगम, रायचूरजवळ कृष्णेत संगम, आणि कृष्णेचे पाणी नागार्जुनसागरातून आपल्या नळाला येते. म्हणजे वारीला न जाताही हैदराबादकराच्या घरी चंद्रभागेचा अंश येतोच. पण ही नदी पावसाची. पाऊस झाला तर दुथडी, नाही तर उन्हाळ्यात वाळवंट. लाहौलची चंद्रभागा नेमकी उलटी : ऊन जितके कडक तितके तिला पाणी अधिक.

हे मुलांनी स्वतः पाहावे म्हणून जिस्पाला एक साधा प्रयोग केला. जिस्पा भागा नदीच्या काठी सुमारे ३,२०० मीटरवर आहे. उंचीची सवय व्हावी म्हणून तेथे दोन रात्री मुक्काम होता. सकाळी सातला शिक्षकांनी पाण्याच्या कडेपासून वर चार दगडांवर खडूने एक ते चार आकडे लिहिले आणि मुले लांब उभी राहून दर दोन तासांनी नोंद करीत राहिली. दुपारपर्यंत विशेष काही नाही. साडेचारला पहिला दगड गेला. साडेसहाला दुसराही पाण्याखाली होता, आणि पाण्याचा रंग सकाळी काचेसारखा होता तो दुधाळ राखाडी झाला. दिवसभर पाऊस नाही, ढग नाही, तरी नदी चढली. वर उन्हाने वितळलेले पाणी वाट चालून आपल्यापर्यंत यायला तेवढा वेळ लागला. दुधाळ रंग बर्फाने दळलेल्या खडकाच्या पिठाचा. आमचे बसचालक मंडीचे होते. त्यांनी हे शाळेत न जाता शिकलेले होते. रस्त्यावरून वाहणारे नाले ओलांडायचे असतील तर ते पहाटे पाचला निघण्याचा हट्ट धरीत, आणि म्हणत, ''दस बजे के बाद नाला किसी की नहीं सुनता.''

एक खुलासा येथेच करतो. मे-जूनमध्ये जे पाणी येते ते मुख्यतः गेल्या हिवाळ्यात पडलेल्या हिमाचे. हिमनदीचा जुना बर्फ खरा वितळू लागतो तो जुलै ते सप्टेंबरमध्ये, वरचे नवे हिम संपल्यावर. विश्वस्त मंडळींना हे चटकन कळेल : आधी चालू खाते, ते रिकामे झाले की मुदत ठेव. ज्या वर्षी हिवाळ्यात हिम भरपूर पडते त्या वर्षी ठेवीला हात लागत नाही. कमी पडते तेव्हा ठेव मोडूनच संसार चालतो. लाहौलमध्ये रोहतांगच्या पूर्वेला छोटा शिग्री नावाची हिमनदी आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अभ्यासक २००२ पासून तेथे बर्फात बांबूच्या काठ्या रोवून हा जमाखर्च मांडत आले आहेत. सगळ्या हिमनदीची सरासरी धरली तर दरवर्षी सुमारे अर्धा मीटर जाडीच्या पाण्याएवढी घट आहे. आमच्या शाळेचे हिशेब असे असते तर लेखापरीक्षकांनी केव्हाच कान पकडला असता.

ही ठेव कोणाची आहे, ते केलाँगच्या आसपासच्या शेतात दिसते. उताराला आडवे, डोंगराच्या कडेकडेने नेलेले अरुंद पाट असतात. त्यांना तेथे कूल्ह म्हणतात. वरच्या नाल्याचे पाणी त्यांतून मटार आणि बटाट्याच्या शेतांना मिळते. कोणत्या घराची पाळी केव्हा, हे गावाने ठरवलेले असते. धुळे जिल्ह्यात पांझरेवरच्या फड पद्धतीत पाटकरी पाणी वाटतो, साधारण तसाच प्रकार. मात्र फडाला पावसाची नदी आहे, येथे पाऊस नाहीच. हिम कमी झाले तर पेरणीच्या वेळी पाट कोरडा. लडाखमध्ये चेवांग नोर्फेल या अभियंत्यांनी यावर एक युक्ती काढली. हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळ सावलीच्या जागी लहान बांधांनी थोपवायचे, त्याचे थरावर थर गोठू द्यायचे, म्हणजे वसंतात पेरणीच्या सुमारास ते वितळून शेताला मिळते. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही खरी हिमनदी नव्हे, पण पेरणी साधते.

शेवटच्या दिवशी बारालाचा खिंड, सुमारे ४,९०० मीटर. सूरजताल अजून गोठलेला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसच्या उंचीच्या बर्फाच्या भिंती होत्या. त्यांत काळ्या रेषा दिसत होत्या : एका हिमवर्षावानंतर बसलेली धूळ, त्यावर दुसरा हिमवर्षाव. हिवाळ्याची रोजनिशीच म्हणा. बारा मिनिटे चालल्यावर सर्वांना धाप लागली, दोन मुलांचे डोके दुखू लागले, आणि आम्ही लगेच खाली उतरलो. लेहपर्यंत का नेले नाही, अशी कुरकुर अजूनही कानावर येते. ती तशीच राहू द्या. उंचीशी हट्ट करायचा नसतो.

येथे आकड्यांविषयी एक सूचना. गेल्या सत्र परीक्षेत काही उत्तरपत्रिकांत 'हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होतील' असे वाक्य होते. हे वाक्य २००७ च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात आले होते आणि पुराव्याअभावी जानेवारी २०१० मध्ये मागे घेण्यात आले. तरी ते मार्गदर्शकांतून फिरत राहिले. हे लिहिल्यास गुण मिळणार नाहीत. पण म्हणून सारे आलबेल आहे असेही लिहू नये. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०११ ते २०२० या दशकात या पर्वतरांगांतील हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या. भीतीचा आकडा पाठ करण्यापेक्षा मोजलेला आकडा लिहावा. तसेच प्रत्येक पुराचे खापर हिमनदीवर फोडू नये. जुलै २०२३ मध्ये बियासने कुलू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी तोडला तो अतिवृष्टीमुळे.

त्या तुटलेल्या रस्त्याची आठवण देऊन एका पालकांनी लेखी विचारले आहे की, अशा प्रदेशात मुलांना न्यावेच कशाला. एका विश्वस्तांचा आक्षेप त्याहून वेगळा आहे : आपल्यासारख्यांच्या गाड्यांचा धूरच त्या बर्फावर बसतो, मग आपण कोणत्या तोंडाने धडे देतो? दोन्ही प्रश्न आम्ही गंभीरपणे घेतो. धुराची काजळी बर्फावर बसली की बर्फ अधिक ऊन शोषतो, हे खरे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये रोहतांगला जाणाऱ्या पर्यटक गाड्यांच्या रोजच्या संख्येवर मर्यादा घातली, ती याच चिंतेतून. आमचे मत असे की जावे, पण एका बसने जावे, दहा मोटारींनी नव्हे. पावसाळ्याआधी परतावे. नदीपात्रात तंबू ठोकून राहू नये, मग तेथील देखावा कितीही मोहक असो. चिप्सची पाकिटे परत आणावीत. आमच्या बसने ती आणली, सामान ठेवायच्या जागेत चार पोती भरली. आणि पुढच्या वर्षी सहल जाणार की नाही, हे विश्वस्त मंडळाच्या ऑगस्टच्या सभेत ठरेल. पालकांनी आपले म्हणणे त्याआधी लेखी द्यावे.

नववीच्या विद्यार्थ्यांसाठी काम :

संगणक कक्षात 'भुवन' नकाशावर सिस्सू शोधा आणि त्याच्या वरचे सरोवर ओळखा. सरोवराचे पाणी गावापर्यंत कोणत्या नाल्याने येईल, ते वहीत रेखाटा. १९८९ ते २०२२ या काळात सरोवर दरवर्षी सरासरी किती हेक्टरांनी वाढले, ते गणित करून लिहा. आपल्या घराजवळच्या एखाद्या मोठ्या धोंड्याचे चित्र काढून तो जागचाच आहे की पाहुणा, हे कारणासह सांगा. जिस्पाच्या नोंदींचा तक्ता फलकावर लावला आहे. तिसरा दगड पाण्याखाली गेला असता तर त्याची वेळ काय असती, याचा अंदाज करा.

उत्तरे शनिवारपर्यंत ग्रंथालयातील पेटीत टाकावीत. पालकांनी लिहून दिलेली उत्तरे अक्षरावरून ओळखू येतात.